दुर्बीण घ्यावी, की मुलांना वांगणीला न्यावं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: गोवंडी-मानखुर्द भागातल्या एका वस्तीत या ताई संध्याकाळची अभ्यासिका चालवतात. आठवी ते दहावीची २२ मुलं येतात, त्यांतल्या ९ मुली. एका देणगीदाराने खगोलशास्त्रासाठी ६० हजार रुपये देऊ केले आहेत. मोठी, निदान आठ इंची दुर्बीण घ्यावी आणि तिच्यासोबत मुलांचा फोटो पाठवावा, अशी त्यांची इच्छा आहे. सहकारी म्हणतात, मुंबईच्या आकाशात काहीच दिसत नाही, त्यापेक्षा सगळ्यांना मुंबईबाहेर वांगणीला, काळोख्या आकाशाखाली, रात्रभर न्या. पण मुलींच्या घरून रात्री बाहेर राहायची परवानगी मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात उसनी दुर्बीण आणून गच्चीवर कार्यक्रम केला होता. चाळीसेक जणांची रांग लागली, बहुतेकांना थरथरणारा ठिपका दिसला आणि पुढच्या आठवड्यात तीनच मुलं आली. ‘मुलांना मुळात आवडच नाही का? त्यांचं गणितही कच्चं आहे. हा खर्च करावा का, आणि करायचा तर कशावर?’ असं त्या विचारतात.

ताई,

आधी त्या गच्चीवरच्या संध्याकाळीकडे पाहू, कारण मुलांना आवड नाही हा निष्कर्ष तुम्ही तिच्यावरून काढला आहे. चाळीस मुलं आणि एक दुर्बीण. प्रत्येकाला एक मिनिट दिलं तरी शेवटच्या मुलाची पाळी चाळीस मिनिटांनी येते. आकाश तासाला १५ अंश सरकतं. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) आकाशाचा सुमारे अर्धा अंश मावतो, म्हणजे मोटार नसलेल्या दुर्बिणीत ग्रह दोन मिनिटांत बाहेर जातो. तिसऱ्या-चौथ्या मुलाला रिकामं आकाश दिसतं. ते बिचारं ‘दिसलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणतं आणि बाजूला होतं. त्यात नेत्रिका उंचावर असली की मुलं तिलाच धरून वर होतात आणि नळी हलते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असतो, त्या हवेतून ग्रह उकळताना दिसतो. गच्चीवर एकजण धावला तरी तिपाई थरथरते. हे सगळं एकाच संध्याकाळी झालं असेल, तर तीन मुलं परत आली हेच विशेष आहे. त्या तिघांना विसरू नका, पुढे त्यांचं काम आहे.

दुसरं गृहीतक तुमच्या सहकाऱ्यांचं: मुंबईत काही दिसत नाही. आकाशगंगा दिसत नाही, तेजोमेघ दिसत नाहीत, तारकासमूहांतले मंद तारे गळून पडतात, हे खरं. देवनारच्या बाजूचा धूर आणि हिवाळ्यातलं धुरकं यांमुळे क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंतचा पट्टा जवळजवळ वाया जातो. पण चंद्राला आणि ग्रहांना काळोख लागतच नाही. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे उपग्रह, शनीची कडी आणि शुक्राच्या कला दिव्याच्या खांबाशेजारूनही दिसतात. मृगातले ठळक तारे, व्याध, रोहिणी, अभिजित, स्वाती, चित्रा हे तुमच्या गल्लीतून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. सूर्य तर रोजचाच. नवख्या मुलाला वर्षभर पुरेल एवढं काम यात आहे. शिवाय वस्तीत बसून पाहिलेलं आकाश मुलाला उद्याही त्याच जागेवरून दिसतं, आणि वांगणीचं आकाश वांगणीलाच राहतं.

आता आठ इंची दुर्बिणीबद्दल. डॉब्सोनियन पद्धतीची, म्हणजे जमिनीवरच्या फिरत्या बैठकीत बसणारी आरशाची, आठ इंची दुर्बीण बैठकीसह वीस किलोच्या आसपास भरते. तुमच्या अभ्यासिकेला वर जायला अरुंद जिना किंवा शिडी असेल, तर दर आठवड्याला ती कोण चढवणार-उतरवणार? तिच्या आरशांची जुळणी हलवाहलवीत बिघडते. ती जुळणी करता येणारं माणूस जवळ नसेल, तर महागडी दुर्बीणही शनी पुसट दाखवते. खाडीजवळची खारट, दमट हवा आरशाच्या मुलाम्याला आणि भिंगांना बाधते. अशी दुर्बीण पहिल्या पावसाळ्यात कपाटात जाते आणि बहुधा तिथेच राहते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ७० ते ९० मिलिमीटर व्यासाची भिंगाची दुर्बीण घ्या, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर) ७०० ते ९०० मिलिमीटर. ती एका हातात उचलता येते आणि जुळणीची कटकट नसते. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की २८ पट, १० मिलिमीटरची लावली की ७० पट. शनीची कडी २८ पटीला ओळखू येतात, ७० पटीला वेगळी दिसतात. खोक्यावर ‘५२५ पट’ असं छापलेलं असेल, तर ती दुर्बीण घेऊ नका. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ७० मिलिमीटरला १४० पट, ही जास्तीत जास्त मर्यादा, आणि मुंबईच्या हवेत तीही क्वचित गाठता येते. पैसे वाढवायचे असतील तर तिपाईवर वाढवा. दुकानात नळीला टिचकी मारून पाहा. दोन-तीन सेकंदांत थरथर थांबली नाही, तर ती तिपाई मुलांच्या गर्दीत निरुपयोगी आहे. तिपाईचे पाय पूर्ण लांब न करता आखूडच ठेवा आणि मधल्या हुकाला वाळूची पिशवी टांगा. जोडीला १० × ५० ची (१० पट, ५० मिलिमीटर व्यास) एक द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, आणि ती तिपाईला जोडायची पट्टी घ्या. कृत्तिका द्विनेत्रीतून पाहायच्या असतात. दुर्बिणीची रांग छोटी ठेवायलाही ती उपयोगी पडते.

साठ हजारांपैकी दुर्बिणीला वीस हजारांची मर्यादा घाला, द्विनेत्री आणि तिच्या स्टँडला आठ. उरलेल्या बत्तीस हजारांत तुम्ही मुलांसाठी नियमित संध्याकाळी उभ्या करू शकता, आणि मुलांना खरी गरज त्यांचीच आहे. दोन मोठ्या मुलांना महिना हजार रुपये मानधन, आठ महिने, म्हणजे १६ हजार. चोवीस संध्याकाळींचा नाश्ता, दर वेळी अडीचशे, म्हणजे ६ हजार. प्रवासाला ८ हजार, दुरुस्ती आणि किरकोळ सामानाला २ हजार.

मानधन पाहून देणगीदार भुवया उंचावतील, म्हणून त्यामागचं कारण सांगते. अमेरिकेत बोस्टन शहरात एमआयटीच्या काव्ली इन्स्टिट्यूटने २००५ च्या सुमारास शहरी वस्त्यांतल्या किशोरवयीन मुलांसाठी खगोलशास्त्राची उमेदवारी, म्हणजे काम करत शिकण्याची, योजना सुरू केली. शाळेनंतर वस्तीतल्या केंद्रांत प्रशिक्षण, मग त्यांतल्या काहींना उन्हाळ्यात मानधनावर काम, आणि काम म्हणजे आपल्याच भागातल्या लोकांसाठी आकाशाचे कार्यक्रम तयार करून सादर करणं. आपल्या वस्त्यांत तर याची गरज आणखी आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी पार्सल पोचवायला जातो, मुलगी घरी जरीचं किंवा पॅकिंगचं काम करते. त्यांना ‘छंद म्हणून या’ म्हणणं म्हणजे ज्यांना परवडतं त्यांनीच या, असं म्हणणं. गच्चीवरून परत आलेल्या त्या तिघांतून दोघं असे उमेदवार म्हणून निवडा, त्यांत एक मुलगी असू द्या. दुर्बीण लावणं, पेटी सांभाळणं, सहा जणांच्या गटाला दाखवणं आणि वहीत नोंद करणं हे त्यांचं काम. ते सोळा वर्षांखालचे असतील तर पैशांऐवजी शाळेची फी, पुस्तकं किंवा रेल्वेचा पास यांचा खर्च उचला, आणि ते आईवडिलांशी लेखी ठरवा.

मुलींच्या परवानगीचा प्रश्न तुम्ही अडचण म्हणून लिहिला आहे. मला वाटतं, वेळापत्रक त्याच्याभोवतीच बांधावं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पावणेसातला पुरेसा अंधार असतो. साडेसहाला सुरुवात, आठला सगळ्या मुली घरी. मे महिन्यात सूर्यास्तच सातनंतर होतो, तेव्हा हे जमत नाही. म्हणून रात्रीची सत्रं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि मार्चपासून दिवसाचं खगोलशास्त्र. एका वेळी दुर्बिणीपाशी सहाच मुलं. दुसरा गट द्विनेत्रीपाशी, तिसरा आत वहीत चित्र काढतोय, चौथा कोन मोजतोय. दर वीस मिनिटांनी अदलाबदल. दर मुलानंतर उमेदवाराने नेत्रिकेत डोकावून ग्रह मध्यभागी आणायचा, आणि ‘दिसलं का?’ असं न विचारता ‘काय दिसलं ते काढून दाखव’ असं म्हणायचं. खोटं ‘हो’ तिथेच थांबतं. नेत्रिकेची उंची लहानात लहान मुलाच्या डोळ्याएवढी ठेवा, मोठी मुलं वाकतील. आणि गच्चीपेक्षा मातीचं मैदान किंवा शाळेचं पटांगण चांगलं, तिथे ना तापलेला स्लॅब, ना थरथर.

पाहायला काय घ्यावं? दिनदर्शिकेत तिथी पाहा आणि शुद्ध पंचमी ते नवमी हे दिवस चंद्रासाठी राखून ठेवा. अर्धवट चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तिथेच खरी मजा असते. कोजागिरीला दुर्बीण लावायचा मोह सगळ्यांना होतो, पण पौर्णिमेला सावल्या नसतात, चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. तुमच्या वस्तीत चंद्राकडे लोकांचं आधीच लक्ष आहे: एका घरात ईदच्या चंद्राची कोर शोधतात, शेजारी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडतात. तिथूनच सुरुवात करा. कोर दिसल्यापासून रोज संध्याकाळी सातला, एकाच जागी उभं राहून, चंद्र कुठल्या इमारतीच्या वर आहे ते वहीत काढायचं. हात लांब केल्यावर बंद मूठ सुमारे दहा अंश भरते. चंद्र रोज एका मुठीहून थोडा जास्त, बारा-तेरा अंश, पूर्वेकडे सरकलेला सापडेल. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ नागपूरला मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी का असते, हा प्रश्न मग मुलंच विचारतील. उत्तर रेखांशात आहे: सहा अंशांहून थोडा जास्त फरक, दर अंशाला चार मिनिटं.

शनी येती दोन-तीन वर्षं पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत संध्याकाळच्या आकाशात आहे. त्याची कडी २०२५ मध्ये आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसली, आता ती वर्षागणिक उघडत जाताना दिसतील. दरवर्षी एकच चित्र काढून ठेवलं तरी बदल वहीत उतरेल. गुरू संध्याकाळी असेल त्या महिन्यांत त्याच्या उपग्रहांचे ठिपके रोज काढायचे, एवढंच. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं, सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून. तुमची २८ पट दाखवते, हे मुलांना जरूर सांगा. ढगाळ दिवसांसाठी संगणकावर स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर ठेवा, पण पडद्यावर आकाश दाखवून सुरुवात मात्र करू नका. खऱ्या आकाशात जे पाहिलं ते पडद्यावर शोधायला लावा.

गणित कच्चं आहे म्हणून खगोलशास्त्र पुढे ढकलू नका, कारण गुणोत्तर आणि कोन शिकायला याहून स्वस्त प्रयोगशाळा सापडणार नाही. एक प्रयोग सविस्तर लिहिते. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या चेंडूत थोडी वाळू भरा, त्यावर छोटा सपाट आरसा चिकटवा, आणि चेंडू चिकटपट्टीच्या रुंद रिकाम्या कड्यावर ठेवा. तो कुठल्याही कोनात वळतो आणि तसाच राहतो. आरशावर काळा कागद लावून त्याला एक सेंटिमीटरचं भोक पाडा. उन्हात ठेवून कवडसा दहा मीटर लांबच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. सुमारे नऊ सेंटिमीटरचा गोल दिसेल. तो भोकाचा आकार नाही, सूर्याची प्रतिमा आहे. भोक त्रिकोणी करून पाहा: हातभर अंतरावर कवडसा त्रिकोणी, दहा मीटरवर गोल. आता गोलाचा व्यास भागिले आरशापासून भिंतीचं अंतर, गुणिले १५ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरच्या आसपास यायला हवा. मुलांची उत्तरं बारा ते सतरा लाखांत विखुरतील, कारण कवडशाची कड पुसट असते आणि आरसा तिरपा असेल तर गोल लांबट होतो. उत्तर का चुकलं याची चर्चा हाच त्या दिवसाचा धडा. लहान सौर डाग यात दिसत नाहीत, सूर्यग्रहण मात्र स्वच्छ दिसतं. आरशापाशी एक मोठं माणूस बसवा, कवडसा कुणाच्या डोळ्यांत जाता कामा नये.

दुसरा प्रयोग काठीचा. सपाट जमिनीवर ५० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने उभी करा आणि दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणा करत जा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही: मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सुमारे १२.२२ ला पडते, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५३ ला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती सुमारे ४६ सेंटिमीटर भरते, २१ मार्चच्या आसपास १७, आणि १५-१६ मेला १२.३५ च्या सुमारास नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस वस्तीत जाहीर करा. बाटल्या, डबे, स्टूल, जे उभं राहतं ते उन्हात मांडा. असा दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

रात्रीसाठी कंपासपेटीतला कोनमापक, एक सरळ स्ट्रॉ, वीतभर दोरा आणि एक नट एवढ्यात ताऱ्याची उंची मोजता येते. ध्रुवतारा मुंबईत उत्तरेला साधारण १९ अंशांवर असतो, म्हणजे आपला अक्षांश. मात्र तुमच्याकडे इमारती आणि धुरकं यांच्यामागे तो लपण्याची शक्यता मोठी आहे. आधी स्वतः दोन संध्याकाळी खात्री करा, नाही दिसला तर चंद्राची उंची मोजा.

इथे एक गोष्ट कडकपणे सांगते. दुर्बिणीला सूर्याचं प्रमाणित फिल्टर घेतलं असेल, तरच ती दिवसा पेटीबाहेर यावी. फिल्टर पुढच्या मोठ्या भिंगावर घट्ट बसणारं हवं. स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेत बसवायची छोटी काळी काच येते, ती उष्णतेने तडकते आणि डोळा जातो. ती मुलांच्या हाती लागण्याआधी फेकून द्या. दुर्बिणीवर नेम धरायला बसवलेल्या छोट्या शोधक नळीवरही झाकण हवं.

वांगणीबद्दल: जा, पण शेवटी. मुलांना चंद्र, चार-पाच ग्रह-तारे आणि मृग ओळखता आला की काळोख्या आकाशात ती हरवत नाहीत. पहिल्याच रात्री नेलं तर दोन तासांत झोपतात. मध्य रेल्वेच्या त्या पट्ट्यात मुंबईच्या खगोल मंडळांचे रात्रभराचे कार्यक्रम होत आले आहेत. स्वतः सगळं उभारण्यापेक्षा अशा अनुभवी गटाबरोबर जा. जानेवारी-फेब्रुवारीतला अमावास्येजवळचा शनिवार, सहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुलींसोबत निदान दोन आया, स्वच्छतागृह आधी जाऊन पाहिलेलं, सगळ्यांना पायात बूट आणि अंगात स्वेटर. नऊपैकी निदान पाच मुलींना परवानगी मिळाल्याशिवाय तारीख नक्की करू नका. फक्त मुलगे गेले, तर परतल्यावर गटातली चर्चा त्या रात्रीचीच होईल आणि मुली हळूहळू कडेला जातील. परवानगी मिळालीच नाही, तर तेच पैसे वरळीच्या नेहरू तारांगणाच्या दिवसाच्या सहलीला वापरा. आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुमच्याच हार्बर लाइनवर मानखुर्दला आहे. देशातल्या खगोलशास्त्र ऑलिंपियाडचं काम तिथून चालतं. दोन्ही उमेदवारांना घेऊन, आधी पत्र पाठवून, तिथे भेटून या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला मिळते, तो प्रवास मात्र दिवसभराचा आहे.

पालक विचारतील, याने नोकरी लागेल का? इस्रोचं स्वप्न विकू नका. बहुतेक मुलं त्या वाटेने जाणार नाहीत, आणि ती हरली असं त्यांना वाटता कामा नये. खरं ते सांगा: मूल मोजायला, नोंद ठेवायला आणि लोकांसमोर उभं राहून समजावून सांगायला शिकेल. आणि ग्रहणाबद्दल घरात जे पाळतात त्याची टिंगल मुलांसमोर करू नका. ३१ डिसेंबर २०२८ ला रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे, पावणेनऊच्या आत सुरुवात आणि साडेदहाच्या आधी मध्य. तेव्हाचे तुमचे उमेदवार गल्लीत दुर्बीण लावून शेजाऱ्यांना बोलावतील, आजी खाली उतरली तर उतरली.

देणगीदारांना नाही म्हणायची गरज नाही. त्यांना हा खर्चाचा तक्ता पाठवा, पेटीवर त्यांचं नाव लिहा, आणि एका फोटोऐवजी दर महिन्याला मुलांच्या वहीतलं एक पान पाठवायचं कबूल करा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका. मानधनाला त्यांनी ठाम विरोध केला, तर दुर्बीण त्यांच्या पैशातून घ्या आणि मानधनापुरती रक्कम दुसऱ्याकडे मागा. मात्र मानधनाची सोय होईपर्यंत दुर्बीण विकत घेऊ नका, तोवर उसनी चालेल. घेतल्यानंतर पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा, आणि भिंगावर बुरशीचं जाळं दिसलं तर शर्टाच्या टोकाने न पुसता कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.